भांडुपला उठावं

“मामा, पेपर लिहून झालाय. फक्त शेवट राहिलाय,” असं भाची फोनवर म्हणाली आणि मी सावध झालो. ‘फक्त’ हा शब्द ज्या वाक्यात येतो त्या वाक्याची मला धास्ती वाटते. घराचं सगळं काम झालंय, फक्त प्लंबर यायचाय. सगळं जुळलंय, फक्त मुलीकडच्यांचा होकार यायचाय. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलं. “सर, प्रबंध झालाच म्हणून समजा, फक्त उपसंहार राहिलाय,” असं सांगणारे विद्यार्थी दर वर्षी भेटत. त्यांतल्या दोघा-तिघांची मुलं आता कॉलेजात जातात. उपसंहार राहिलेलाच आहे.

भाची समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय, लोकलमधली भजनी मंडळं. मुलुंडच्या मुलीला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. सकाळी फलाटावर उभं राहिलं की विषय टाळ वाजवत समोर येतो. दीड वर्ष ती एका मंडळाबरोबर मुलुंडहून दादरपर्यंत जात होती. लेडीज डबा सोडून जेन्ट्समध्ये, खिडकीशी, मांडीवर वही. पहिल्या आठवड्यात डब्यातल्या काकांनी तिला रेल्वेची माणूस समजून आवाज खाली घेतला. दुसऱ्या आठवड्यात तिच्याच हातात टाळ दिले.

आमच्या उपनगरांत निष्कर्षांना तोटा नाही. पवईला १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिच्याजवळच लोकसंख्या विज्ञान संस्था. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि कालिन्याला तर विद्यापीठाची अख्खी विद्यानगरी. एवढ्या टापूत कुठल्याही दुपारी कुणी ना कुणी शेवटच्या परिच्छेदाशी अडलेलं असणार. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर होतं तसं: सगळा रस्ता बरा गेला, घर दिसायला लागलं आणि गाडी थांबली.

भाची घरी आली. चहा झाल्यावर तिने लॅपटॉप उघडून शेवट वाचून दाखवला. पहिला परिच्छेद ‘अशा प्रकारे’ने सुरू होत होता. मागच्या अठरा पानांत जे सांगितलं ते सगळं त्यात ओळीने पुन्हा सांगितलं होतं. पंगत उठल्यावर यजमानाने हात धुणाऱ्यांना गाठून ‘तुम्ही आधी वरणभात खाल्लात, मग मसालेभात, मग जिलबी’ असं ऐकवावं, तसं मला झालं. दुसऱ्या परिच्छेदात तिचा पेपर समाजाला दिशादर्शक, धोरणकर्त्यांना मार्गदर्शक आणि सांस्कृतिक वारशाला संजीवनी ठरणार होता. तिसऱ्यात तिने माफी मागितली होती. वेळ कमी पडला, मंडळ एकच होतं, हे अंतिम सत्य असल्याचा दावा नाही. एकाच पानावर संजीवनी आणि चूकभूल! म्हणजे आधी द्रोणागिरी उचलून आणायचा आणि मग वाटेत माती सांडली म्हणून हात जोडायचे.

“संजीवनी जरा जास्त होतेय,” मी म्हणालो.

“का? ज्ञानेश्वरांनी शेवटी सगळ्या विश्वासाठी मागितलं. मी नुसत्या धोरणकर्त्यांसाठी मागितलं तर काय बिघडलं?”

“त्यांनी आधी अठरा अध्याय लिहिले. सुमारे नऊ हजार ओव्या. तुझी अठरा पानं आहेत, त्यातली दोन तक्त्यांची.”

शेवटची ओळ मला न ऐकताच माहीत होती. ‘या विषयावर पुढील संशोधनास भरपूर वाव आहे.’

“ही कुठून आणलीस?”

“सगळेच लिहितात.”

खरंय. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. माझा अंदाज असा, की मराठी पेपरांतले ते दहा टक्के एकट्या या ओळीने भरत असावेत. चोरी म्हणावी तर मूळ मालक सापडत नाही. सार्वजनिक नळासारखी ती ओळ आहे. ज्याने त्याने आपली कळशी भरून घ्यावी.

पण पोरीला दोष तरी कसा द्यायचा? मुळात आपल्या माणसांना निघणंच जमत नाही. पाहुणे सोफ्यावरून ‘चला, निघतो’ म्हणत उठतात ती नुसती नांदी असते. मग दारात एक अंक. चपला घालताना दुसरा. कुणाचं मोडलं, कुणाची बदली झाली, कुणाच्या सुनेने वेगळं घर केलं, ही खरी बातमी याच अंकात कळते. आतल्या दोन तासांत फक्त पाऊस आणि कांद्याचे भाव झालेले असतात. लिफ्ट येते, वरच्या मजल्यावरचे लोक तिच्या नावाने दार बडवतात, तरी पाहुण्यांचा एक पाय आत, एक बाहेर. एवढं होऊन निघणारा ‘जातो’ म्हणत नाहीच. ‘जातो’ म्हणणं अशुभ. तो म्हणतो, ‘येतो.’ जिच्या निरोपाच्या शब्दातच पुढील भेटीस भरपूर वाव आहे, अशा भाषेत वाढलेल्या मुलीने संशोधनाचा निरोप निराळा कसा घ्यावा?

सुरुवात करण्यात मात्र आपला हात कुणी धरणार नाही. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढून छापली. आतली कागदपत्रं अभ्यासकांनी वाचली. प्रस्तावना मात्र महाराष्ट्राने वाचल्या, त्यांवर भांडणं केली आणि त्यांचं वेगळं पुस्तक काढलं. कुणाच्या उपसंहारांचं पुस्तक निघाल्याचं तुम्ही ऐकलंय?

“एकाचा उपसंहार वाचण्यासारखा आहे,” असं म्हणून मी कपाटातून ‘गीतारहस्य’ काढलं. भाचीच्या चेहऱ्यावर ‘गेला दीड तास’ असा भाव उमटला. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीने लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली छापून आला. त्यातल्या पंधराव्या, शेवटच्या प्रकरणाचं नावच ‘उपसंहार’ आहे. पण मला तिला दाखवायचं होतं ते पहिल्या प्रकरणातलं. एखादा ग्रंथ नेमकं काय सांगतो हे ठरवायचं कसं, याची मीमांसकांची कसोटी टिळकांनी तिथे समजावून सांगितली आहे. ग्रंथाचा उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, आधी जोडीने पाहायचे. मग अभ्यास, म्हणजे तो पुन्हा पुन्हा काय बोलतो. अपूर्वता, म्हणजे नवं काय सांगतो. फल, म्हणजे त्याने साधतं काय. अर्थवाद, म्हणजे ओघात आलेली स्तुती आणि सजावट. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद. हीच कसोटी टिळक गीतेला लावतात. आरंभी अर्जुन धनुष्य टाकून बसतो. शेवटी ‘सांगशील तसं करतो’ म्हणून उभा राहतो आणि लढतो. तेव्हा मधल्या साऱ्या चर्चेचा रोख संन्यासाकडे असू शकत नाही, तो कर्माकडेच आहे.

“म्हणजे टिळक पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून मोकळे?”

“त्यांनी मधलंही वाचलं होतं. तुझे वाचक वाचतील का?”

ती हसली. “आम्हीही नाही वाचत. शीर्षक, सारांश आणि मग एकदम निष्कर्ष. त्यात काही दिसलं तरच मधलं.”

म्हणजे मीमांसक अजून जिवंत आहेत, फक्त ते पीडीएफ वाचतात. अपूर्वता म्हणजे परीक्षकाचा पहिला प्रश्न, ‘यात नवीन काय?’ फल म्हणजे दुसरा, ‘बरं, मग?’ आणि अर्थवाद म्हणजे भाचीचा सबंध दुसरा परिच्छेद. तिने तो तिथल्या तिथे पुसला. मी तिला हेही सांगून टाकलं, की उपसंहारानंतर टिळकांनी गीतेच्या बहिरंगपरीक्षणाचं भलंथोरलं परिशिष्ट जोडलंय. लोकमान्य झाले तरी दारात थांबलेच.

आता पहिला परिच्छेद उरला होता, ‘अशा प्रकारे’वाला. तो पुसायला ती तयार होईना. “निष्कर्षात आधी सांगितलेलंच पुन्हा सांगायचं असतं, आम्हाला तसंच शिकवलंय.”

आमच्या गॅलरीतून, मधे एखादा टॉवर आला नसेल तर, मुलुंडच्या पश्चिमेचा डोंगर दिसतो. पलीकडे राष्ट्रीय उद्यान. मी तिला तिकडे नेलं, कारण न्यायशास्त्राला डोंगर लागतो. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर असतो तिथे आग असते, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. मुलुंडकरांना हे शिकवावं लागत नाही. पूर्वेच्या डंपिंग ग्राउंडने किती तरी वर्षं हे अनुमान आमच्याकडून संध्याकाळच्या वाऱ्यावर करून घेतलंय, तेही डोळे मिटून.

“पण पहिलं आणि पाचवं वाक्य एकच आहे की!”

“शब्द एकच आहेत. पहिलं म्हणायला तोंड पुरतं. पाचवं म्हणायला मधली तीन वाक्यं कमवावी लागतात.”

“मग मी तेच तर केलंय.”

“तू पाचही वाक्यं पुन्हा म्हटलीस. निगमन एकच असतं.”

यावर ती गप्प बसली. संशोधक गप्प बसला की समजावं, एक तर पटलंय किंवा मनातल्या मनात विरुद्ध पुरावा शोधणं चाललंय. पुरावा आलाच. “पण इतकं आखडून लिहिलं तर महत्त्वाचं काही केलंय असं वाटणार नाही कुणाला.”

तेव्हा मला वॉटसन आणि क्रिक आठवले. त्यांचा डीएनएच्या दुहेरी वेटोळ्याचा लेख २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आला. एका पानाहून थोडाच मोठा. सजीवसृष्टी आपली नक्कल पुढच्या पिढीकडे कशी सोपवते, या कोड्याची किल्ली त्या रचनेत होती. पण शेवटाकडे त्याबद्दल एकच वाक्य आहे. आम्ही मांडलेल्या जोड्यांवरून नक्कल होण्याची एक रीत सुचते हे आमच्याही ध्यानात आलंय, अशा अर्थाचं. त्यात नम्रता आहे आणि मिशीला भरलेला पीळही आहे. संजीवनी नाही, दीपस्तंभ नाही, धोरणकर्ते नाहीत. ‘येतो’ म्हणून दोघे उठले आणि ३० मे रोजी, बरोबर पाच आठवड्यांनी, त्याच विषयावरचा दुसरा लेख घेऊन त्याच दारात हजर झाले. वाव ठेवायचाच तर असा ठेवावा. कशासाठी येणार ते सांगून.

“ते ठीक आहे मामा, पण थांबायचं कुठे हे कळणार कसं?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोवर ती स्वतःच वहीची पानं उलटायला लागली. “थांब, हे मी बुवांना विचारलं होतं.”

बुवा म्हणजे तिच्या मंडळाचे म्होरके. तिने विचारलं होतं, “बुवा, आता संपवायचं हे तुम्हाला कसं कळतं?” वहीत त्यांचं उत्तर होतं. “कुर्ला सुटलं की नवा अभंग धरायचा नाही.”

मग तिने सगळं सविस्तर सांगितलं. दादरला निम्मं मंडळ उतरतं. त्यामुळे दादरच्या आत आवरायचं असतं. शीव दिसलं की बुवा गाता गाता खिडकीबाहेर पाहतात. ढोलकीवाल्याकडे न बघता नुसती मान हलवतात आणि ठेका चढतो. कीर्तनकार आख्यानातून फिरून मूळ पदावर येतो तसे सगळे अभंगाच्या पहिल्या चरणावर परततात, तिथून गजर. माटुंग्याला सिग्नल लागला तर गजर आणखी दोनदा घोळवतात, पण वेळ उरला म्हणून नवं काही काढत नाहीत. तेवढ्यात साखर-फुटाणे हातोहात फिरतात. दादरचा फलाट लागतो तेव्हा टाळ पिशवीत गेलेले असतात. एकदा एका उत्साही पोराने कुर्ल्यानंतर गौळण धरली आणि ती दादरच्या गर्दीत अर्धी तुटली. बुवा त्याला म्हणाले होते, “देवाला चालेल रे. पण दादरवाल्यांना दिवसभर चुटपूट लागेल, त्याचं काय?”

मी म्हणालो, “हे आमचं भांडुपच.”

संध्याकाळी परतीच्या धीम्या गाडीत मुलुंडला उतरायचं असेल तर भांडुपला उठावं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी कादंबरीत बुडालो होतो. मुलुंड आलं तेव्हा उठलो, तर समोर पाठींची भिंत. “उतरायचंय!” मी ओरडलो. “मग आधी नाही का सांगायचं?” भिंत म्हणाली. हे संभाषण संपलं तेव्हा ठाणं आलं होतं. शेवटाच्या जागी शेवट न करणारे लेखक असे ठाण्याला जातात. काही तर पार कल्याणपर्यंत, आणि परतीच्या गाडीलाही गर्दी असते.

त्यानंतर मी भांडुपला उठू लागलो. भांडुपला उठणं म्हणजे उतरणं नव्हे. पुस्तक मिटायचं. बॅग पाठीवरून पोटावर घ्यायची. पुढच्या माणसाच्या खांद्याला हलकेच हात लावून ‘मुलुंड?’ एवढंच विचारायचं. त्याने मान हलवली की त्याच्यामागे उभं राहायचं, नाही हलवली तर जागांची अदलाबदल. नाहूरला दारात. मुलुंडला खाली. या दोन स्टेशनांत कुणी नवं वर्तमानपत्र उघडत नाही की नवा वाद काढत नाही. जे आहे ते गोळा करायचं असतं. गाडी थांबायच्या आधीच उडी टाकणारेही असतात. ‘यावरून हे सिद्ध होते’ म्हणून ते धाडकन फलाटावर. आणि घाटकोपरपासूनच दार अडवून उभे राहणारेही असतात. त्यांचा निष्कर्ष तिसऱ्या पानावरच सुरू होतो, मग मधल्या कुणालाच नीट चढता-उतरता येत नाही.

“तुझ्या पहिल्या पानावर प्रश्न काय होता?” मी विचारलं.

तिने वर जाऊन वाचलं. “गर्दीचा त्रास विसरण्यासाठी लोक प्रवासात भजन करतात का?”

“आणि दीड वर्षाने काय दिसलं?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बुवा चार वर्षांपूर्वी रिटायर झालेत.”

“म्हणजे?”

“त्यांना ऑफिस नाही. तरी रोज तीच गाडी. दादरला उतरणाऱ्यांबरोबर उतरतात, पूल चढून पलीकडे जातात आणि परतीची गाडी पकडून घरी. तसे अजून दोघे आहेत.”

“हे पेपरात आहे?”

“आहे ना. तळटीप क्रमांक सात.”

मी काही बोललो नाही. तिचं तिलाच हसू आलं. तिने लॅपटॉप पुढे ओढला, ‘अशा प्रकारे’पासून ‘भरपूर वाव’पर्यंत सगळं काळं करून पुसलं आणि टाइप करायला लागली. मधे एकदा खोडलं, एकदा चहा मागितला. पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा शेवट एवढाच होता:

‘गर्दी विसरण्यासाठी लोक गाडीत भजन करतात, असं धरून मी निघाले होते. या एका मंडळात तरी उलट दिसलं. ज्यांना कुठेही पोहोचायचं नाही, तेही रोज ही गाडी पकडतात; इथे प्रवासात भजन होत नाही, भजनासाठी प्रवास होतो. लेडीज डब्यातल्या मंडळांतही असंच आहे का, हे मी पाहिलेलं नाही. पुढे तेच पाहायचं आहे.’

मी मनातल्या मनात मीमांसकांची यादी तपासली. आरंभाची गाठ शेवटाला पडली होती. नवं होतं. मर्यादा माफी न मागता आली होती आणि ‘वाव’ला पत्ता मिळाला होता. तळटीप क्रमांक सात वर, लेखात, सन्मानाने जाऊन बसली होती. कारण कुर्ल्यानंतर नवा अभंग नको, तर तो आधी गायलेला असायला हवा.

“पाचच वाक्यं,” ती कुरकुरली. “आमच्या मॅडम म्हणतील, फार छोटा झाला.”

“बुवांचा गजर केवढा असतो?”

“शीव ते दादर.”

“मग?”

तिने लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “थांब गं, चिवड्याचा डबा भरतेय.” आता दारातला अंक होणार म्हणून मीही चष्मा काढून, एक हात चौकटीवर टेकवून, नेहमीच्या जागी उभा राहिलो. सांगायचं बरंच होतं. राजवाड्यांचं अर्धं राहिलं होतं, शिवाय ठाण्याच्या सुनेची बातमी होती. भाचीने चपला घातल्या, “येते मामा,” म्हणाली, लिफ्ट मजल्यावर उभीच होती, ती आत शिरली आणि दार लागलं.

बायको हातात डबा घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. “गेली? अशी कशी गेली? भांडलात की काय?”

उत्तर द्यायच्या आत ती गॅलरीत पोहोचली होती. “अगं, डबा राहिला!”

भाची फाटकापाशी होती. तिने वर पाहून हात हलवला. “शनिवारी नेते, मामी!”